आबूद नाखव्याच्या टोपीतली सुई

लामू बेटावर, लांगोनीच्या गल्ल्यांतून सध्या एक बातमी फिरते आहे, की आमच्या शेजारच्या बर्केने नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाच्या टोपीत सुई ठेवली. विहिरीपाशी ऐकलं तेव्हा ती साधी सुई होती. बाजारात तिचं दाभण झालं. धक्क्यावर पोचेपर्यंत ती मुशी धरायच्या गळाएवढी झाली होती, आणि आबूद नाखव्याच्या कपाळावरून रक्ताची धार दाढीत उतरली होती.

खोटं आहे. ती टोपी मी हातात घेऊन, आतून बाहेरून उलटी करून, बोटांनी चाचपून पाहिली आहे. सुई नव्हती. असती तर सगळ्यांत जास्त आनंद मला झाला असता, कारण ठेव म्हणून मीच तिच्या मागे लागले होते.

ही बातमी मीच सोडली असंही काही जणी म्हणतात. त्यांना तरी दोष कसा देऊ? मी रोज सकाळी दारात कढई मांडून माहामरीच्या गोड पुऱ्या तळते. वेलदोड्याच्या आणि नारळाच्या वासाने माणूस थांबतो, आणि थांबलेला माणूस गरम तुकडा तोंडात असतानाही बोलतो. पण मी बातमी सोडते तेव्हा ती याहून बरी जमलेली असते. सुई ही काय कल्पना झाली! सुई कुणालाही सुचते.

बर्केचं आणि माझं घर एका भिंतीचं, आणि ती भिंतही छपरापर्यंत पोचलेली नाही. तिने कांदा चिरला की माझ्या डोळ्यांना पाणी येतं. तिच्या घरात कोरं कापड औषधालाही मिळायचं नाही. उशांच्या अभ्र्यांवर फुलं, पडद्यांवर वेली, ताटावर टाकायच्या रुमालाला क्रोशाची झालर, आणि उरलेल्या चिंध्या जोडून केलेली गोधडी. एकदा मी म्हटलं, "बर्के, तुझ्या घरात जास्त वेळ बसायची भीती वाटते. माझ्या पाठीवर मोर काढशील." ती दातात दोरा धरून होती, त्यामुळे हसली नाही, दोरा तोडला आणि मग हसली. ती हसते तेसुद्धा काम संपवून.

लोकांच्या लेखी तिचा धंदा टोप्या धुण्याचा. गुरुवारी सकाळी आळीतले पुरुष आपापल्या पांढऱ्या टोप्या पाठवतात. ती धुते, खळ देते, लाकडी साच्यांवर चढवते आणि खिडकीत ओळीने वाळत ठेवते. शुक्रवारच्या नमाजाला आमचे पुरुष जे रुबाबात जातात, तो रुबाब बर्केच्या खळीचा. त्या साच्यांच्या ओळीकडे बघून मी नेहमी म्हणते, "अख्ख्या आळीतले पुरुष बसलेत, आणि एकही मधे बोलत नाही. स्वर्ग म्हणतात तो हाच असेल."

तिचा खरा धंदा मात्र वेगळा, आणि तो सगळ्या बायकांना ठाऊक असून कुणीच बोलून दाखवत नाही.

आमच्याकडे नवरदेवाच्या डोक्यावरची टोपी नवरीच्या हातची असावी लागते. दुहेरी पांढरं कापड, त्यावर नक्षी आखायची, नक्षीवर टोचणीने बारीक भोकं पाडायची आणि एकेका भोकाभोवती काजाचा टाका घालायचा. मोहरीएवढं काज, आणि अशी शेकड्यांनी. वरची चकती वेगळी, भोवतालची पट्टी वेगळी, शेवटी दोन्ही जोडायच्या. पूर्वीच्या मुली दहा-बारा वर्षांच्या झाल्या की सुरू करायच्या आणि लग्नापर्यंत एखादी टोपी हातावेगळी करायच्या. आताच्या मुली मोंबासाला शिकून येतात, त्यांना सुईचं कुठलं टोक धरायचं तेही आठवत नाही. पण लग्नाच्या दिवशी सासूच्या माणसांना टोपी दाखवावी लागते, आणि एखादी खवट आत्या नवरीला विचारतेच, "तुझ्या हातचं आहे ना गं?"

म्हणून बर्के. टोपी ती करते, फक्त शेवटचं एक काज सोडते. ते नवरीने घालायचं, म्हणजे 'माझा हात लागलाय' हे म्हणताना जीभ अडखळत नाही. ते शेवटचं काज हटकून वाकडं येतं. शुक्रवारी मशिदीतून पुरुष बाहेर पडले की बर्के खिडकीच्या फटीतून पाहते आणि हळूच म्हणते, "ती बघ, ती माझी. कानामागचं काज बघ, कसं डोळा मारल्यासारखं झालंय."

या कामाचे नियम आहेत. नवरीच्या घरची माणसं थेट येत नाहीत. मध्ये बिबी शेकुवे असते. वय झालेली, पाठीत वाकलेली, पण पोटातली गोष्ट ओठावर न आणणारी म्हातारी. (ती आणि मी एकाच अल्लाने घडवल्या यावर माझा विश्वास बसत नाही.) नवरदेवाच्या डोक्याच्या मापाचे दोन दोरे, एक डोक्याभोवतीचा आणि एक कपाळापासून मानेपर्यंतचा, ती कागदाच्या पुडीत आणते. नवरदेव कोण, नवरी कुठली, हे शिवणारीला सांगायचं नाही. टोपी कुणी शिवली, हे नवरीकडे सांगायचं नाही. आणि एकदा दोऱ्याची पुडी हातात घेतली की परत द्यायची नाही. परत आलेला दोरा म्हणजे मोडलेलं लग्न. पोरीच्या कपाळाला तो डाग कायमचा लागतो, असं आमच्याकडे मानतात. त्यामुळे पुडी घ्यायची ती न उघडता, आणि घेतली की झालं.

त्या दिवशी शेकुवेने दारातून "होदी, येऊ का?" म्हटलं तेव्हा मी तिथेच होते. बर्केने नेहमीसारखी पुडी घेतली, अंगावर पांघरलेल्या कांग्याच्या टोकात बांधली, म्हातारीला कॉफी दिली.

"रमजानच्या आधी हवी," शेकुवे म्हणाली. "शाबानमध्ये लग्न आहे."

"मिळेल," बर्के म्हणाली.

झालं एवढंच. मी घरी आले. भिंतीपलीकडे काही पडलं नाही, काही फुटलं नाही, कुणी रडलं नाही. नाहीतर माझ्या कानाला कळलं असतंच.

नंतर मात्र एक गोष्ट माझ्या लक्षात यायला लागली. बर्के सावकाश शिवत होती. ज्या बाईचा हात भाताला कढ येईपर्यंत नक्षीतली एक पाकळी संपवायचा, ती एका पाकळीवर सकाळ काढायला लागली. टाका घालायची, सुई तशीच धरून दाराकडे बघत बसायची. मी चिडवायची, "काय गं, नवरदेव अजून जन्माला यायचाय का?" ती म्हणायची, "येतोय की घरी, भरतीबरोबर." मला वाटलं, ती आबूदबद्दल बोलते आहे, तो त्या दिवशी यायचा होता. आबूदबद्दलच बोलत होती.

आबूद नाखव्याबद्दल वाईट बोलावं असं काही माझ्याकडे नाही, आणि शोधूनही सापडलेलं नाही. शांत माणूस. खारफुटीचे वासे, दगड, नारळ, मिळेल ते गलबतात भरून बेटाबेटांवर नेतो. मोंबासाला गेला की बर्केसाठी पांढऱ्या दोऱ्याची रिळं आणतो, आणि रंग चुकत नाही. बाकीच्या बायकांचे नवरे पांढरा सांगितला तर पिवळा आणतात. तरुणपणी वादळात शिडाचं परबाण फिरून त्याच्या डोक्यात बसलं, त्यामुळे मागच्या बाजूला मुठीएवढा उंचवटा आहे. बाजारची कुठलीच टोपी त्याला बसत नाही, मागून उचलली जाते. त्याच्या टोप्या बर्केच करते, आणि त्याचा साचा वेगळा आहे, मागे चिंध्यांचा बोळा शिवलेला.

आणि तिची एक जुनी पद्धत. टोपी पुरी झाली की ती एकदा जिवंत डोक्यावर घालून बघायची. साचा बोलत नाही, माणूस बोलतो, असं तिचं म्हणणं. घरात पुरुषाचं डोकं एकच. त्यामुळे लामूतल्या किती नवरदेवांच्या टोप्या आधी आबूदने घातल्या आहेत, ते त्या नवरदेवांना माहीत नाही. दर वेळी टोपी मागून उचलली जायची आणि आबूद म्हणायचा, "हा कोण सपाट डोक्याचा जावई केलाय यांनी?" तेवढाच त्याचा विनोद. पण त्या घरात तो पुरत असे.

शाबानचा चंद्र दिसला आणि शेकुवे परत आली. टोपीची पट्टी झाली होती, चकती अर्धी बाकी होती. म्हातारीने काम हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं आणि म्हणाली, "हात तोच आहे. मग पायात बेडी कुणी घातली?"

"होईल, बिबी."

"होईल नाही, व्हायला हवी. तुझ्याने होत नसेल तर तसं सांग. माटोंडोनीत एक आहे, ती करेल."

"ती?" बर्के म्हणाली. "ती तर माशाचं जाळं विणल्यासारखं शिवते."

"जाळं तर जाळं. नवरदेवाला धरायला ते बरं." म्हातारी कधी नाही ते हसली आणि गेली. तिला खरंच काही ठाऊक नव्हतं. तिचाच नियम तिला ठाऊक होऊ देत नव्हता. नवरदेवाबद्दल तिला माहीत होतं ते एवढंच, की फाझा गावी फेऱ्या मारणारा कुणी नाखवा, आणि त्याची एक बायको लामूत आहे. बायकोचं नाव तिने कधी विचारलंच नव्हतं, कारण नावं विचारायची नाहीत.

ती गेल्यावर मी बर्केला धरलं. "आता बोल. तब्येत बरी नाही का? मालिंदीहून मायमुनाची काही बातमी आहे का?" मायमुना ही तिची एकुलती एक मुलगी, मालिंदीला दिलेली.

बर्के उठली, टोचण्या ठेवायच्या डब्यातून पुडी काढली आणि दोरे माझ्या तळहातावर ठेवले. "गाठ बघ," म्हणाली.

मी पाहिली. मापाच्या दोऱ्याला गाठ असतेच, कुठवर माप आलं ते कळायला. ही गाठ जरा निराळी होती. दोन वेढे, आणि टोक परत उलटं आत खोचलेलं.

"मग?"

"वर बघ."

वर अंगणात कपडे वाळत घालायची दोरी होती. दोन्ही टोकांना दोन वेढे, आणि टोक उलटं आत खोचलेलं. कंदिलाची दोरी तशीच. पाण्याच्या बादलीची तशीच. शिडाला बांधायची ती गाठ, आणि आमच्या आळीत ती एकाच घरात आहे, कारण ती बांधणारा एकच आहे.

माझ्या तोंडाला कुलूप लागलेलं आजवर कुणी पाहिलेलं नाही. त्या दिवशी त्या दोऱ्यांनी पाहिलं. लांगोनीत कुणाच्या कोंबडीने अंडं घातलं तर मला कळतं, आणि भिंतीपलीकडे नवरा दुसरं लग्न करतो आहे हे कळायला मला डोळ्यांसमोर गाठ धरावी लागली. आणि ही बाई ते पुडी उघडल्या दिवसापासून जाणून होती. जाणून शिवत होती. त्यानेच मोंबासाहून आणलेल्या दोऱ्याने.

मग माझी जीभ सुटली. "घट्ट कर. बोटभर घट्ट कर, नवरदेव मांडवात डोकं दुखून आडवा पडेल."

"आणि बोल नवरीला लागेल. तिच्या हातची म्हणून दाखवणार ना."

"मग सुई ठेव आत. विसरली म्हण."

"मी सुई विसरत नाही."

"मग दोरा परत कर. सरळ म्हण, मी नाही करत."

"ती पोर कोण आहे मला माहीत नाही, तिमा. तिने माझं काय केलंय? तिच्या नावाने परतलेला दोरा मी का लावू?"

"मग काझीकडे जा. मायमुनाला बोलावून घे. नाखव्याला समोर बसव."

तिने दोऱ्याची गाठ नखाने चाचपली. "काझी काय सांगणार? त्याला चारची मुभा आहे. मला कशाची मुभा आहे ते मला सांग, म्हणजे मी तेवढं करीन."

आमच्या ह्यांना एक बायको पोसणं जड जातं, त्यामुळे या प्रश्नाचा मी अभ्यास केलेला नाही.

"मग तुला हवंय तरी काय?"

"त्याने सांगावं," बर्के म्हणाली. "तोंडाने. टोपी पुरी व्हायच्या आत. बर्के, असं असं आहे, एवढंच. मी त्याच्या पायात पडणार नाही, की भांडी फेकणार नाही. पण हे घरात येऊन त्याने मला सांगायला हवं, शेकुवेच्या पुडीतून मला कळायला नको."

तेव्हा मला कळलं की ती सावकाश का शिवत होती. एकेक काज म्हणजे त्याला दिलेली एकेक संधी होती. आणि तो भरतीबरोबर येत होता, जेवत होता, मच्छी छान झालीय म्हणत होता, आणि ओहोटीबरोबर जात होता.

मी धक्क्यावर गेले. मुद्दाम त्याच्या गलबतापाशी माहामरी विकायला बसले. "नाखवा," मी म्हटलं, "फाझाच्या फेऱ्या फार वाढल्या. तिथे काय गोड पाणी लागलं का?"

तो दोरखंड गुंडाळत होता. "वारा तिकडचा आहे, तिमा."

"वारा कधीतरी इकडचाही होतो म्हणतात."

"होतो," तो म्हणाला. "हंगाम बदलला की." मग त्याने माझ्या टोपलीतल्या दोन माहामरी उचलल्या आणि म्हणाला, "एक बर्केला दे, तिला गरम आवडतात."

आता या माणसाला शिवी तरी कशी द्यायची? वाईट असता तर आमचं काम सोपं होतं. तो वाईट नव्हता, नुसता भित्रा होता, आणि वादळात परबाण अंगावर घेणारा माणूस भित्रा आहे असं कुणाला सांगून पटणार?

टोपी संपायला आली. सावकाश शिवलं तरी कापड काही वाढत नाही. चकती पट्टीला जोडली, शेवटचं काज सोडलं, खळ दिली आणि ती त्याच बोळ्याच्या साच्यावर वाळवली. दुसरा कुठला चाललाच नसता. त्या दुपारी मी नारळाच्या दुधातली तूर घेऊन तिच्याकडे गेले होते. आबूद जेवून ओट्यावर टेकला होता. जायची घाई नव्हती, पाणी अजून चढत होतं. मी मनात म्हटलं, हीच वेळ आहे बाबा, बोल. मी हवी तर उठून जाते. (गेले असते की नाही, ते अल्लाला माहीत.)

त्याने खिडकीतल्या टोपीकडे पाहिलं. "फार सुंदर झालीय. कुणाची?"

"असेल कुणीतरी नवरदेव," बर्के म्हणाली. "घालून बघता का, मायमुनाचे बाबा?"

दर वेळी विचारायची तसंच तिने विचारलं. आवाज वर नाही, खाली नाही. दर वेळी घ्यायचा तशीच त्याने ती घेतली. विनोद ओठावर तयारच होता, मला दिसला. त्याने टोपी डोक्यावर ठेवली, मागून उचलली जाईल म्हणून सवयीने हात मागे नेला, आणि हात तिथेच राहिला.

टोपी उचलली गेली नाही. उंचवट्याला धरून, कानांवरून सरळ, कपाळावर एक बोट वर, अशी बसली की जणू डोक्यातूनच उगवली.

बाहेरून एक गाढव गेलं, त्याच्या पाठीवरच्या वाळूच्या पोत्यातून वाळू सांडत होती, तिचा आवाजही मला ऐकू आला. बर्के त्याच्याकडे बघत होती. रागाने नाही. सुईत दोरा ओवताना बघतात तशी, श्वास धरून. मी आयुष्यात प्रथमच मनातल्या मनात एका पुरुषासाठी दुवा मागितली: याला चार शब्द दे.

आबूदने टोपी काढली. दोन्ही हातांनी, सांडेल की काय अशा बेताने, खाली ठेवली. त्याचे ओठ हलले. मग तो म्हणाला, "मागून जरा सैल वाटते."

"सैल नाही," बर्के म्हणाली.

"नाही?"

"नाही. मापात आहे."

"असेल," तो म्हणाला. "तुला जास्त कळतं." आणि उठून म्हणाला, "पाणी फिरेल आता, निघायला हवं." पाणी फिरायला अजून कितीतरी वेळ होता. हे त्याला ठाऊक होतं, तिला ठाऊक होतं, आणि समुद्रातलं ओ की ठो न कळणाऱ्या मलाही ठाऊक होतं.

तो गल्लीच्या वळणापर्यंत जाईतो ती दारात उभी राहिली. मग आत आली आणि म्हणाली, "तुरीत मीठ कमी पडलंय, तिमा."

दुसऱ्या दिवशी तिने टोपी कागदात गुंडाळून शेकुवेला दिली. देण्याआधी मी ती उलटी करून पाहिली, अजूनही आशा होती मला. आत नुसते टाके होते. तिने आजवर शिवलेल्या टोप्यांत एवढी सुंदर मी पाहिलेली नाही, आणि हे सांगताना मला त्याचाच राग येतो.

"एवढी चांगली कशाला केलीस?" मी विचारलं.

"वाईट कशी करतात?" ती म्हणाली. "मला कधी जमलंच नाही ते."

लग्नाला मी गेले नाही. जीव कासावीस झाला, पण गेले नाही. आमचे हे गेले, आणि आल्यावर त्यांनी मला भाताला लावलेल्या मसाल्याची सगळी हकीकत सांगितली. पुरुषाला लग्नाला पाठवण्यात अर्थ नसतो. बाकीचं शेकुवेकडून कळलं. तीही बोलली, म्हणजे बघा. तिथे मांडवात तिला प्रथम समजलं की लामूतली ती पहिली बायको कोण. नवरी नसरा नावाची, विशीतली, साधी पोर; आत्याने विचारलं तेव्हा "माझा हात लागलाय" म्हणाली आणि लाजली. आणि नवरदेव सगळा वेळ टोपी चाचपत होता. घालायचा, मागे हात न्यायचा, काढायचा, आत बघायचा, परत घालायचा. बायकांत कुजबुज सुरू झाली की टोपीत काहीतरी टोचतंय. ती सुई तिथे जन्मली.

"बर्केला सांग, मला ठाऊक नव्हतं," शेकुवे मला म्हणाली.

"तिला ठाऊक आहे की तुला ठाऊक नव्हतं," मी म्हटलं. म्हातारी माझ्या दारात बसली, माहामरीला हात न लावता उठून गेली. त्यानंतर तिने कुणाची पुडी आणलेली नाही.

सात दिवस नवरीकडे काढून आबूद परत आला, तो बोडका. लामूचा नाखवा बोडक्याने गल्लीतून चालतो आहे म्हटल्यावर लोकांनी आणखी काय समजायचं? जखम झाली, टोपी घालवत नाही, असं ठरून गेलं. मी त्याचं डोकं जवळून पाहिलं, ओरखडाही नव्हता.

तो घरी आला, मच्छी ठेवली, दोऱ्याची रिळं ठेवली. गुरुवार होता. आळीतल्या टोप्यांचा ढीग धुवायला पडला होता. त्या ढिगावर त्याने खिशातली टोपी हळूच ठेवली, जशी कुण्या तिसऱ्याचीच आहे. मग जेवायला बसला. त्याने अजूनही तिला सांगितलेलं नाही. अख्ख्या बेटाला कळलं, माझ्या कढईलासुद्धा कळलं, फक्त त्या घरात ते अजून कुणी बोललेलं नाही. तो येतो, जातो. अर्धे दिवस तिथे, अर्धे इथे. तिने ती टोपी धुतली, खळ दिली, बोळ्याच्या साच्यावर चढवली आणि खिडकीत बाकीच्यांच्या ओळीत ठेवली. मी जाऊन पाहिलं. डाव्या कानामागे एक काज वाकडं होतं. बर्केने त्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "पोरीने दोरा ओढून धरलाय. घाबरली असेल."

मी पुष्कळ चेष्टा करून पाहिली त्या आठवड्यात. ती हसायची, मी वाईट वाटून घेईन म्हणून. हे मला कळत होतं, आणि मग मीच चेष्टा थांबवली. भिंतीपलीकडून काही ऐकू येत नाही म्हणून मी कधी काळजीत पडेन, असं मला वाटलं नव्हतं.

परवा सकाळी ती माझ्या कढईपाशी माहामरी घ्यायला आली होती. चार बायका उभ्या होत्या. कोपऱ्यावरची झुलेखा, जिला सगळ्यांच्या घरातलं आधी कळतं (माझ्यानंतर), तिच्याने राहवलं नाही.

"बर्के, शोगा, मैत्रीण म्हणून विचारते, राग मानू नकोस," ती म्हणाली, "पण खरं सांग. आम्ही कुणाला सांगणार नाही. टोपीत सुई ठेवली होतीस ना?"

मी झारा कढईतच थांबवला. बर्केने माहामरी कागदात गुंडाळली, कांगा डोक्यावर सारखा केला आणि म्हणाली, "सुई कशाला ठेवू, झुलेखा? टोपी त्याला मापात बसली. टोचायला तेवढं पुरे आहे."